बाबांचीही परीक्षा!

मुलांनो, परीक्षा म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो ना? आणि वाटतं, मोठ्या माणसांचं बरं आहे बुवा. ना प्रगतिपुस्तक, ना तोंडी परीक्षा! तर मग आज एक गंमत ऐका.

आमच्या शाळेतल्या चौथीतल्या एका मुलीचे बाबा नोकरीसाठी जर्मनीत, स्टुटगार्ट शहरी गेले आहेत. ती मला विचारत होती, "बाई, बाबा इथे बारा वर्षं गाडी चालवत होते. तिथे त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावलीय. त्यांना गाडी येत नाही का?" प्रश्न मोठा छान आहे. चला, उत्तर शोधू या.

स्टुटगार्ट आपल्याला अगदीच परकं नाही, बरं का! १९६८ पासून ते मुंबईचं 'भगिनी शहर' आहे. त्याच राज्यात मानहाइम नावाचं शहर आहे. तिथे कार्ल बेंझ यांनी आपली पेट्रोलवर चालणारी मोटार बनवली. तिचा आवाज आणि वास लोकांना सहन होईना. तक्रारी झाल्या. शेवटी १ ऑगस्ट १८८८ रोजी बेंझ यांनी सरकारकडून रस्त्यावर मोटार चालवण्याची लेखी परवानगी मिळवली. जगातलं पहिलं लायसन म्हणतात ते हेच! म्हणजे गाडी ज्यांनी बनवली, त्यांनाही इतरांचा विचार करून परवानगी घ्यावीच लागली.

आता बाबांकडे वळू. भारतातलं लायसन घेऊन कुणी जर्मनीत राहायला गेलं, तर त्यावर त्याला साधारण सहा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तिथलं लायसन हवंच. काही देशांच्या लोकांना ते परीक्षेशिवाय बदलून मिळतं. त्या यादीत भारत नाही. म्हणून आपल्या माणसांना लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आधीचा अनुभव असल्यामुळे वर्गाला बसायची सक्ती मात्र नसते.

त्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, डोळे तपासून घेणे. दुसरी, प्रथमोपचार शिकणे. त्याच्या ४५ मिनिटांच्या नऊ तासिका असतात. रक्त थांबवायचं कसं, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे हातांनी करून शिकवतात. गाडी चालवणाऱ्याला अपघातात माणूस वाचवताही यायला हवा, असा त्यामागचा विचार!

लेखी परीक्षा संगणकावर होते. प्रश्न ३०. चुकलेल्या प्रश्नाला दोन ते पाच दोषगुण. दहापेक्षा जास्त दोषगुण झाले की नापास! एकाच प्रश्नाची दोन-तीन उत्तरंही बरोबर असू शकतात, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. जर्मन येत नसेल तर इंग्रजीतून परीक्षा देता येते. मराठीची सोय नाही.

मग प्रत्यक्ष परीक्षा. २०२१ मध्ये ती ५५ मिनिटांची झाली. शेजारी शिक्षक बसतात. त्यांच्या पायाशीही ब्रेक असतो. परीक्षक बसतात मागे. शिक्षकांना ब्रेक दाबावा लागला, की परीक्षा बहुधा तिथेच संपली!

आता खरी अडचण सांगते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, जर्मनीत उजव्या बाजूने. स्टिअरिंगही दुसऱ्या बाजूला. चौकात सिग्नल किंवा पाटी नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उजवीकडे वळताना नुसतं आरशात बघून भागत नाही; मान वळवून खांद्यावरून मागे बघावं लागतं. का? तर आरशात न दिसणाऱ्या जागेत एखादा सायकलवाला असू शकतो. तो तुमच्याच वयाचा मुलगाही असू शकतो!

आणि हॉर्न? तो धोका असेल तेव्हाच. "अहो, सरका" म्हणायला नाही. आपल्याकडे ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं असे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते लिहायला बंदी घातली, हे ठाऊक आहे ना?

आणखी दोन नियम मला फार आवडले. शाळेची बस थांबून तिचे चारही दिवे लुकलुकत असतील, तर तिच्या बाजूने जाताना गाडी माणसाच्या चालीने न्यायची, समोरून येणाऱ्यानेसुद्धा! आणि महामार्गावर वाहनं तुंबायला लागली, की सर्वांत डावीकडच्या रांगेने डावीकडे सरकायचं, बाकीच्यांनी उजवीकडे. मधे वाट तयार होते. रुग्णवाहिका येण्याची वाट बघत बसायचं नाही. वाट आधीच मोकळी ठेवायची.

आलं ना लक्षात उत्तर? बाबांना गाडी येते. पण गाडी चालवणं म्हणजे नुसतं गिअर-ब्रेक नव्हे. अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेला तो शब्द असतो. 'मी इथे थांबेन, तू जा.' हा शब्द प्रत्येक देशात थोडा वेगळा. तो नीट शिकल्याशिवाय रस्त्यावर उतरलं, तर जीव दुसऱ्याचाही जातो. म्हणून बाबा पहिल्यांदा नापास झाले, तरी लाज वाटण्याचं कारण नाही. पुन्हा अभ्यास करायचा, पुन्हा बसायचं. तुम्हांला आम्ही हेच सांगतो ना?

जर्मनीत प्राथमिक शाळेतली मुलंही सायकलची परीक्षा देतात. हात दाखवून वळणं, मागे बघणं, थांबणं, सगळं त्यात येतं.

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. सातवी-आठवीतल्या मुलाच्या हाती 'कोपऱ्यावरच तर जायचंय' म्हणून स्कूटीची किल्ली देणारी घरं मी पाहते. २०१९ मध्ये बदललेल्या आपल्या कायद्यात, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पण दंडाचं राहू द्या. कोपऱ्यावरून येणारं पोरही कुणाचंतरी असतं.

मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ: शाळेत जाताना दिसणाऱ्या पाच वाहतूक-खुणा वहीत काढा. संध्याकाळी घरच्या मोठ्यांची तोंडी परीक्षा घ्या. पाचपैकी किती आल्या, ते लिहा. आणि हो, गुण देताना लाड करायचे नाहीत!

तुमच्या बाई