सही कोणाची, संमती कोणाची?

जूनचा मध्य उलटला की या करवीर नगरीतील वसतिगृहांच्या दारांत पेट्या, वळकट्या आणि रडवेली मुले दिसू लागतात. चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा अशा दूरच्या तालुक्यांतून आलेला पालक प्रवेशअर्जावर दाखविलेल्या जागी सह्या करतो, मुलाच्या पाठीवरून हात फिरवितो आणि परतीची एस. टी. गाठतो. त्या अर्जाच्या अखेरीस बहुधा एक ओळ असते : पाल्य आजारी पडल्यास योग्य ते औषधोपचार करण्यास माझी संमती आहे. ही ओळ छापणाऱ्याने तिचा कायदेशीर अर्थ तपासलेला नसतो आणि तिच्याखाली सही करणाऱ्याने ती पुष्कळदा वाचलेलीही नसते. तिची खरी परीक्षा होते ती एखाद्या मध्यरात्री, रुग्णालयाच्या दारात.

अशी एक रात्र आम्ही स्वतः अनुभवलेली आहे. वृत्तपत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे अध्यापन केले. त्या काळात वसतिगृहातील एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या पोटात रात्री असह्य कळा येऊ लागल्या. त्याला आम्ही रुग्णालयात नेले. अपेंडिक्सला सूज आली असून शस्त्रक्रिया लवकर व्हावयास हवी, असे शल्यविशारदांनी सांगितले. परंतु कागदावर सही कोण करणार? मुलाच्या गावी एकच टेलिफोन, तोही एका दुकानात, आणि दुकान बंद. "गुरुजी, आपण या मुलाचे कोण?" हा त्यांचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, तो नियमाचा होता, आणि आमच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. पहाटे निरोप गेला, नऊच्या सुमारास वडील पोहोचले. तोवर अपेंडिक्स फुटले होते. मुलगा वाचला, पण कित्येक आठवडे अंथरुणावर राहिला आणि त्याचे वर्ष बुडाले. त्या रात्री कळा सोसत त्याने आम्हांस विचारले होते, "सर, मीच सही केली तर चालणार नाही का?" आम्ही त्याला गप्प केले.

पुढे कायद्याची पुस्तके चाळताना आम्हांस जे आढळले त्याने आम्ही खजील झालो. त्या रात्रीच्या पेचाचे उत्तर १८६० सालच्या दंडसंहितेतच दिलेले होते. अपघातात सापडलेल्या मुलावर तत्काळ शस्त्रक्रिया न केल्यास ते दगावेल आणि पालकास विचारण्यास अवसर नाही, अशा वेळी शल्यविशारदाने मुलाच्या विनवण्यांकडेही दुर्लक्ष करून, केवळ त्याच्या हितासाठी शस्त्रक्रिया केली तर तो गुन्हा नव्हे, असे उदाहरणच त्या संहितेच्या ९२ व्या कलमात होते. ८९ व्या कलमाने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी केलेल्या कृत्यास संमती देण्याचा अधिकार पालकाबरोबरच, ज्याच्याकडे मूल कायदेशीररीत्या सांभाळावयास दिले आहे अशा इसमासही दिला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही दोन्ही तत्त्वे ३० व्या व २७ व्या कलमांत कायम आहेत. आपल्या कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील व्यक्तीस 'अज्ञान' म्हणतात. त्या रात्री खरे अज्ञान होते ते खाटेभोवती उभ्या असलेल्या आम्हां सज्ञानांचे.

मग रुग्णालये अडतात का? वैद्यकवर्गास निर्दय म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. दंडसंहितेने त्यांना तुरुंगापासून संरक्षण दिले. नुकसानभरपाईच्या दाव्यापासून नव्हे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीस करार करता येत नाही; १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरविले; आणि वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम सांगतात की, शस्त्रक्रियेपूर्वी अज्ञान रुग्णाच्या बाबतीत मातापित्यांची वा पालकाची लेखी संमती घ्यावी. एक कायदा बारा म्हणतो, दुसरे अठरा म्हणतात; मधल्या सहा वर्षांच्या मुलामुलींचे काय, याचे सरळ उत्तर कोणीच देत नाही. डॉक्टरांना होणारी मारहाण रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु संदिग्ध नियमांच्या धाकातून त्यांना कोणी सोडविले नाही, आणि धाकात असलेला मनुष्य कागदाचा आश्रय घेतो. रुग्णाच्या रक्षणासाठी जन्मास आलेली संमती अशा रीतीने रुग्णालयाची ढाल होऊन बसते.

पालक म्हणजे कोण, हा पहिला घोळ. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पित्यास आणि 'त्याच्यानंतर' मातेस नैसर्गिक पालक ठरविले. विदर्भातील शेतजमिनीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली मान्य केले की, पिता वर्षानुवर्षे वेगळा राहत असेल आणि मुलीचा सारा कारभार आईच पाहत असेल, तर आईच नैसर्गिक पालक होय. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांवरील सहीवरून उद्भवलेल्या गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली त्याच न्यायालयाने खुलासा केला की, 'नंतर' म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अनुपस्थितीत. आणि तो हयात असूनही मुलाविषयी उदासीन असेल तर ती अनुपस्थितीच होय. तथापि, "वडील कुठे आहेत?" हा प्रश्न आजही आईला अनेक खिडक्यांवर ऐकावा लागतो. ज्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत बालकाच्या अवयवदानास आईवडिलांपैकी कोणा एकाची अनुमती पुरेशी मानली आहे, तो कायदा १९९४ चा आहे. मृत्यूनंतर जी सही एकाची चालते, ती जगविण्यासाठी का चालू नये?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यास परका नाही. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या साखर कारखान्यांच्या फडांवर येतात. त्यांची काही मुले पालावर त्यांच्यासोबत असतात. काही गावी आजीच्या ओटीत ठेवलेली असतात. पालावरच्या मुलास साप चावतो तेव्हा बाप ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला असतो. गावाकडचे मूल तापाने फणफणते तेव्हा आईवडील दोनअडीचशे मैलांवर असतात. ज्या आजीने त्यास अन्न दिले, न्हाऊ-माखू घातले, तिला "आपण याच्या कोण?" असे विचारणे हा नियमाचा विजय असेल, शहाणपणाचा नव्हे.

तथापि, ज्याच्या हाती मूल आहे त्याला सही करू द्या, एवढे म्हणूनही भागत नाही. आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात २००९ साली दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस एका प्रकल्पाखाली टोचण्यात आली. एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात नमूद केले की, आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे. लस उपयुक्त की अनुपयुक्त, हा येथे मुद्दाच नव्हे. त्या मुलींपैकी कोणीही मरणाच्या दारी नव्हती. त्यांच्या आईवडिलांना विचारण्यास भरपूर अवसर होता. तरी विचारले गेले नाही, कारण एकेका झोपडीत जाऊन समजावून सांगण्यापेक्षा एका अधीक्षकाकडून गठ्ठ्याने सह्या घेणे सोयीचे होते.

रेक्टरची सही मध्यरात्री एका मुलाचा प्राण वाचवू शकते आणि भरदिवसा हजारोंच्या मातापित्यांचा अधिकार हिरावूनही घेऊ शकते. या दोहोंतील सीमारेषा निकडीची आहे. जेथे विलंब म्हणजे अपाय, तेथे जवळ असलेल्या जबाबदार माणसाची सही पुरे. तीही मिळत नसेल तर डॉक्टरची सदसद्विवेकबुद्धी पुरे. जेथे थांबण्यास अवकाश आहे, तेथे आईवडिलांना गाठून, त्यांच्या बोलीत समजावूनच पुढे गेले पाहिजे.

आता राहिला तो, ज्याचे शरीर आहे त्याचा प्रश्न. औषधांच्या चाचण्यांत मुलांना सहभागी करून घेताना, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, सात वर्षांवरील मुलाचा तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलाचा लेखी होकार पालकाच्या संमतीखेरीज वेगळा घ्यावा लागतो. त्याच वर्षीच्या एचआयव्हीविषयक कायद्याने, बाधित कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या, पुरेशी समज असलेल्या बारा वर्षांवरील मुलास आपल्या धाकट्या भावंडाच्या उपचारांसाठी पालक म्हणून सही करण्याचा अधिकार दिला. जी ताई भावाच्या औषधोपचारासाठी सही करू शकते, तिला स्वतःच्या शस्त्रक्रियेविषयी कोणी चार शब्द सांगावयासही बांधलेले नसावे, ही विसंगती आम्हांस मोठी वाटते.

या विसंगतीची दुःखद बाजू २०२४ साली आपल्याच राज्यातील एका प्रकरणात दिसली. अत्याचारास बळी पडलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या गर्भपाताचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. १९७१ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीच्या गर्भपातास पालकाची लेखी संमती आवश्यक असते. उच्च न्यायालयाने अनुमती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला ती दिली. आणि मुलीच्या जिवास असलेल्या धोक्याच्या चिंतेने आईवडिलांचे मत पालटल्यावर २९ एप्रिलला तो आदेश मागे घेण्यात आला. त्या निकालपत्रात न्यायालयाने एक मोलाचे तत्त्व सांगितले : मुलगी अज्ञान असली तरी तिचे मत पालकाच्या मताहून वेगळे असेल, तर न्यायालयाने ते महत्त्वाचे मानले पाहिजे. हे तत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलेल्या मुलीस लागू पडते. मग जिल्ह्याच्या रुग्णालयातील खाटेवरच्या मुलीस का नाही?

यावर कोणी म्हणेल की, पोरांच्या हाती असे निर्णय दिल्यास घराची घडी विस्कटेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. इंग्लंडने १९६९ च्या कायद्याने सोळा वर्षांच्या मुलास उपचारांपुरती संमती देण्याचा अधिकार दिला आणि १९८५ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने पुरेशी समज असलेल्या त्याहून लहान मुलासही तो मान्य केला. तेवढी मजल आपण आज मारावी, असा आमचा आग्रह नाही. विचारणे आणि निर्णय सोपविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुज्ञ पालक मुलास विचारतोच; आम्ही कायद्याकडून मागतो ते एवढेच सौजन्य.

राज्य शासनाने याविषयी एकच सुटसुटीत कायदा करावा. सार्वजनिक आरोग्य हा राज्याच्या कक्षेतील विषय आहे. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. आईवडिलांपैकी कोणा एकाची सही पुरेशी व्हावी. दोघेही दूर असतील तर आजीआजोबा, सांभाळ करणारे नातलग वा रेक्टर यांना आगाऊ अधिकारपत्र देता यावे आणि ते प्रत्येक रुग्णालयाने मानावे. प्राणावर बेतले असता दोन डॉक्टरांनी कारण लिहून उपचार सुरू करावेत आणि त्यांच्यावर भरपाईचाही दावा चालू नये; मात्र हलगर्जीपणास या सवलतीचा आडोसा मिळू नये. बारा वर्षांवरील प्रत्येक मुलास त्याच्या भाषेत माहिती द्यावी आणि त्याचे म्हणणे कागदावर लिहावे. मातापित्यांत वाद असल्यास न्यायालये आहेत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही आपल्या शहरात बसू लागले आहे. पण सुजलेले अपेंडिक्स न्यायालयाचे दार उघडेपर्यंत थांबत नाही.

कायदा होईपर्यंत आपण कोल्हापूरकरांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक वसतिगृहास प्रवेशाच्या दिवशी स्वतंत्र अधिकारपत्र वाचून दाखवून घेता येईल. त्यावर दोन दूरध्वनी क्रमांक, मुलाचा रक्तगट आणि त्याला न मानवणारी औषधे लिहिता येतील. साखर कारखान्यांना हंगामाच्या प्रारंभी टोळ्यांच्या नोंदणीबरोबरच हे करता येईल. 'सीपीआर'पासून पेठेतल्या खासगी दवाखान्यापर्यंत सर्वांना संमतिपत्र सोप्या मराठीत छापता येईल. याला नाही म्हटले तरी पैसा थोडा आणि आस्था अधिक लागते.

याच नगरीच्या राजाने १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. मूल बापाचे असले तरी त्याचे हित बापाच्या मर्जीहून मोठे आहे, हे शाहू छत्रपतींनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. त्यांच्या वसतिगृहांच्या या गावात तरी "आपण या मुलाचे कोण?" या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असावे. आणि "मीच सही केली तर चालणार नाही का?" असे विचारणाऱ्या मुलास कोणा शिक्षकाने, आम्ही केले तसे, गप्प करू नये.