सिद्राम, शिद्राम आणि तहसीलची पायरी

जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नाव "सिद्राम". आधारवर "सिद्राम". संगणकावरच्या सातबाऱ्यावर मात्र "शिद्राम". आपल्या जिल्ह्यात, त्यातही अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या कानडी वळणाच्या नावांत, असले घोळ गावागावात सापडतात.

तुम्ही म्हणाल, एका अक्षराने काय बिघडतं? बिघडतं. एप्रिल 2025 पासून शेतीच्या योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झालाय आणि तो काढताना आधार आणि सातबारा जुळवून बघतात. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुरात माढा, मोहोळ, करमाळ्याची उभी पिकं गेली. अशा वेळी मदत थेट खात्यावर येणार, म्हणजे नाव जुळायलाच हवं.

मग हे एक अक्षर दुरुस्त कोण करणार? तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नाही. मंडळ अधिकारीही नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा आदेश तहसीलदारांचा. म्हणजे अर्ज, जुना उतारा, अहवाल, आदेश, आणि मग परत गावात येऊन फेरफार. मजुरी बुडवून तालुक्याला किती खेपा मारायच्या, ते ज्याचं त्याला ठाऊक.

उलट, जमीन विकली, वारस लागले, तर कलम 150 प्रमाणे तलाठी फेरफार नोंदवतो, नोटीस काढतो, हरकतीला 15 दिवस देतो आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. म्हणजे बिनवादाचा मालकी बदल मंडळावर मिटतो आणि टायपिंगची चूक तहसीलला जाते! हे उलटं नाही का?

माझं म्हणणं असं, की सातबारा हा आता शेकडो हातांनी भरला जाणारा एकच ऑनलाइन दप्तरखाना आहे. त्यातले अधिकार साधे हवेत. बघणं, नोंदवणं, मंजूर करणं, एवढे तीनच. आणि कोणाला कुठला अधिकार, हे खुर्ची बघून नाही, कामाची जोखीम बघून ठरवा.

पीक कुठलं पेरलं, ते शेतकऱ्यालाच भरू द्या. हे आपण करून बघितलंय. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पुढच्या वर्षी ॲप सुधारलं, शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित धरली, चूक झाली तर 48 तासांत त्यालाच दुरुस्तीची मुभा दिली आणि तलाठ्याकडे 10 टक्के तपासणी ठेवली. रेंजचा, फोटोचा त्रास झाला, पण शेतकऱ्याच्या हातात अधिकार दिला म्हणून आभाळ कोसळलं नाही.

मालकीला मात्र हात लावू नका. तिथे नोंदवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही जुनी पद्धत शहाणपणाची आहे. नोटीस, 15 दिवस, सगळं राहू द्या.

प्रश्न मधल्या कामाचा आहे, म्हणजे वेलांटीचा, अक्षराचा. जुन्या उताऱ्यावर किंवा नोंदणीकृत दस्तावर जे आहे तेच संगणकावर आणायचं असेल, तर तलाठ्याने सुचवावं आणि मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करावं. तहसीलदारांकडे फक्त वादाची प्रकरणं जाऊ द्यात.

यावर महसुलातले लोक म्हणतील, 155 च्या आडून नावं घुसवल्याच्या, क्षेत्र बदलल्याच्या तक्रारी आधीच आहेत, त्यात अधिकार आणखी खाली कशाला? भीती खरी आहे. पण जास्त पायऱ्या केल्या म्हणून लबाडी थांबली का? ज्याची ओळख आहे तो सगळ्या पायऱ्या एका दिवसात चढतो, सिद्राम तेवढा खालीच राहतो. लबाडी थांबवायची तर "लेखनप्रमाद" म्हणजे काय, ते घट्ट बांधा. क्षेत्र, हिस्सा, नवं नाव त्यात येणारच नाही. आणि प्रत्येक दुरुस्तीखाली आधी काय होतं, कोणी बदललं, कधी मंजूर झालं, हे खातेदाराला मोबाईलवर दिसू द्या.

आमदार-खासदार रस्त्यांची निवेदनं देतात, एक निवेदन याचंही द्या. आणि मंडळी, तुम्ही एक करा. आपला सातबारा आज उघडा, जुन्या उताऱ्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मदत जाहीर झाल्यावर रांगेत कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.