पॉज कुठे करायचं?

माझी भाची ह्यूस्टनजवळच्या एका हायस्कूलमध्ये पोल व्हॉल्ट करते. (शाळेत पीटीच्या तासाला आपण याला 'बांबू उडी' म्हणायचो. आमच्या शाळेत शब्द होता, बांबू नव्हता.) वय सोळा, उडी नऊ फूट, म्हणजे २.७४ मीटर. या सीझनला दर शनिवारी सकाळी मी पुण्यात चहाचा कप घेऊन बसलो की व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्या प्रॅक्टिसचा व्हिडिओ आलेला असायचा. खाली एक ओळ, "मामा, बघ ना काय चुकतंय."

आता मामाने आयुष्यात कधी पोल हातात धरलेला नाही. पण मामा पडला सॉफ्टवेअरवाला. व्हिडिओ म्हणजे डेटा, आणि डेटा दिसला की आपल्याला राहवत नाही. मी लॅपटॉपवर एक एक फ्रेम पुढे सरकवत बसलो, स्क्रीनवर रेघा मारल्या, एक्सेल शीटही बनवली. (हसू नका. तुम्हीही हेच केलं असतं.)

खरं सांगायचं तर साधनंही झकास झाली आहेत. जुन्या हॅंडीकॅमवर सेकंदाला २५ फ्रेम्स मिळायच्या. आर्मंड डुप्लांटिससारखा माणूस, ज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मीटर उडी मारली, तो सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगाने धावत येतो. म्हणजे दोन फ्रेम्सच्या मध्ये गडी चाळीस सेंटिमीटर पुढे! त्याचा पाय नेमका कुठे पडला ते त्या फटीतच हरवणार. आज खिशातल्या फोनवर २४० फ्रेम्स मिळतात, फट चार सेंटिमीटरवर आली.

तर मला काय सापडलं? डाव्या पायाने जमीन सोडताना तो पाय वरच्या हाताच्या सरळ खाली हवा. भाचीचा पाय पुढे, बॉक्सच्या बाजूला गेलेला दिसत होता. याला 'अंडर' जाणं म्हणतात. पोल वर उचलायच्या आधीच झटका बसतो, खांदे ओढले जातात आणि वेग तिथेच मरतो. मी ऐटीत निदान केलं: पाय अर्धा फूट आत येतोय, सुरुवात अर्धा फूट मागून कर.

तिने केलं. पाय आणखी आत आला. मी म्हटलं, अजून अर्धा फूट मागे जा.

तिसऱ्या आठवड्यात ती उडीच मारेना. धावत यायची, बॉक्सपाशी पोल सोडून द्यायची आणि तशीच गादीवर धावत जायची. एका स्पर्धेत आठ फुटांवर तिन्ही प्रयत्न असे गेले. खेळाच्या भाषेत 'नो हाइट', कागदावर नावापुढे काहीच नाही. त्या रात्री ताईचा फोन आला. पोरगी रडून झोपली होती. "ती म्हणतेय, मला आता बॉक्सचीच भीती वाटते. तू तिला नक्की काय सांगतोयस रे?"

काय उत्तर देणार? माझ्याकडे एक्सेल शीट होती.

तिच्या कोचने तो गुंता पाच मिनिटांत सोडवला. त्याने व्हिडिओ पाहिलाच नाही. टेक-ऑफच्या सहा पावलं आधी तिचा पाय जिथे पडतो तिथे उभा राहिला, तीनदा तिला पळवलं आणि सांगितलं, सुरुवात दीड फूट पुढे आण. हो, पुढे! माझ्या सल्ल्याच्या बरोबर उलट.

कारण ऐकलं आणि मी कपाळावर हात मारला. ती आधीच लांबून धावत होती. शेवटच्या सहा पावलांत बॉक्स दूर दिसायचा, म्हणून ती पावलं ताणायची, आणि ताणलेलं शेवटचं पाऊल हाताच्या पुढे जाऊन पडायचं. मी तिला मागे ढकलत गेलो तशी ती अजून ताणत गेली. डोळे शेवटच्या पावलांत अंतर जुळवून घेतात हे काही नवीन नाही. १९८२ मध्ये डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी लांब उडीच्या खेळाडूंचं चित्रीकरण करून हेच दाखवलं होतं. आधीच्या पावलांतली चूक साठत जाते आणि शेवटच्या काही पावलांत नजर ती भरून काढते.

म्हणजे मी जिथे पॉज करत होतो तिथे चूक दिसत होती, घडत नव्हती. स्टॅक ट्रेसमधली वरची ओळ बघून तिथेच नल चेक टाकणाऱ्या फ्रेशरला मी ऑफिसमध्ये लेक्चर देतो. इथे स्वतः तेच केलं, तेही दुसऱ्याच्या पोरीच्या मानेशी खेळून.

आणखी एक गंमत. ज्या फ्रेमवर मी रेघा मारल्या ती तिच्या मैत्रिणीने हातात धरलेल्या फोनवरची. फोन पाच अंश जरी तिरका झाला तरी दोन मीटर उंचीवरचा हात जवळजवळ साडेसतरा सेंटिमीटर सरकलेला दिसतो. माझ्या 'अर्ध्या फुटा'पेक्षा ही चूक मोठी! पाय आत येत होता हे खरंच, पण किती, हे मला कधीच कळलेलं नव्हतं.

व्हिडिओ बघूच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. केनियाचा ज्युलियस येगो यूट्यूबवर बघून भालाफेक शिकला आणि २०१५ मध्ये बीजिंगला ९२.७२ मीटर फेकून जगज्जेता झाला. ही गोष्ट सगळे सांगतात. मधल्या काळात तो फिनलंडला कुओर्ताने इथे जाऊन कोचच्या हाताखाली शिकला, हा भाग मात्र फॉरवर्ड होत नाही.

माझी तक्रार आहे ती आपण बघतो काय याबद्दल. सर्गेई बुबकाचे व्हिडिओ उघडा. नव्वद टक्के लोक (मी धरून) तो उलटा लटकतो तिथे पॉज करणार. ते वॉलपेपरसारखं दिसतं ना! पण गणित करा. सेकंदाला दहा मीटरचा सगळा वेग उंचीत बदलला तर ५.१ मीटर होतात, आणि शरीराचा गुरुत्वमध्य मुळातच जमिनीपासून मीटरभर वर असतो. सहा मीटरचा हिशोब जवळपास इथेच लागतो. उंची धावपट्टीवर कमावलेली असते, हवेत ती फक्त खर्च होते. आणि धावपट्टी तर आपण फास्ट फॉरवर्ड करतो.

स्लो मोशनचाही मला आता संशय येतो. त्यात पावलांचा ताल ऐकू येत नाही. पावलं ताणली जात होती हे पूर्ण वेगात, आवाज चालू ठेवून बघितलं असतं तर मलाही कळलं असतं. टप टप टप, आणि शेवटी टाप... टाप. मी आवाज बंद करून बघत होतो, कारण मागे मुलं ओरडत होती.

असो. भाचीला मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके मामा, पण आता थोडे दिवस नको सांगूस." तीन आठवडे व्हिडिओ आला नाही. त्या काळात ती आधी सहा पावलांवरून, मग आठ पावलांवरून उड्या मारत होती असं ताईकडून कळलं.

गेल्या शनिवारी पुन्हा एक आला. फोन ट्रायपॉडवर, सहा पावलांच्या खुणेच्या समोर. बार दिसतच नाही. ती डावीकडून येते, खुणेवर पाय टाकते आणि उजवीकडे फ्रेमबाहेर निघून जाते. मग गादीवर पडल्याचा आवाज, आणि कोणीतरी टाळ्या वाजवतंय.

किती फूट होतं ते मी विचारलेलं नाही.