सलाईनच्या बाटलीतून ताकद येत नाही

"डॉक्टर, अंगात जरा बी ताकद नाही, एक बाटली लावा की." साताऱ्यात असो वा सांगलीत, ओपीडीत हे वाक्य रोज ऐकू येतं. ऊसतोड, द्राक्षाची छाटणी, लग्नसराई असली की जास्तच. नको म्हटलं तर पेशंट पुढच्या दवाखान्यात जातो आणि तिथे बाटली लागते. म्हणून स्पष्टच लिहितो: नुसत्या अशक्तपणासाठी सलाईन लावणं ही रुग्णाची फसवणूक आहे, आणि ती आम्ही डॉक्टरच करतो.

आधी हिशेब करू. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी, ऊर्जा शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. घरच्या एका ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त असतात. त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलं की बाटली पिवळी दिसते आणि बिल वाढतं.

मग ताकद येते कुठून? पेशीतल्या तंतुकणिकांमधून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातून. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे सूक्ष्म पंपांच्या रांगेतून जातात. हे पंप हायड्रोजनचे विद्युतभारित कण एका पातळ पडद्यापलीकडे ढकलतात. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं आटपाडीकडे नेतात, तसंच. पलीकडे साठा झाला की ते कण एका चाकातून परत येतात आणि ते चाक खरोखर फिरतं, कोयनेच्या पाण्यावर टर्बाइन फिरावं तसं. त्या फिरण्यातून एटीपी तयार होतं, आणि स्नायू, मेंदू, हृदय सगळं त्यावर चालतं. (पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना ती पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.) एका ग्लुकोजपासून तंतुकणिकेबाहेर २ एटीपी मिळतात, आतलं काम पूर्ण झालं तर एकूण ३० च्या आसपास.

आता मुद्दा. या पंपांच्या सुट्या भागांत लोह असतं. काम झालेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजन उचलतो. आपण श्वास घेतो तो मुख्यतः यासाठी. हा ऑक्सिजन पोचवतं हिमोग्लोबिन, आणि त्यालाही लोहच लागतं. मोटर जळलेली असताना वीज वाढवून शेतात पाणी येतं का? मग लोह नसलेल्या शरीरात साखर ओतून ताकद कशी येईल?

तरी बाटलीनंतर बरं वाटतं, हे खरं आहे. दोन तास पंख्याखाली आडवं पडायला मिळालं, कुणीतरी विचारपूस केली, पोटात नाही तरी अंगात पाणी गेलं. घरच्या बाईला एरवी एवढी विश्रांती कधी मिळते?

वाळवा तालुक्यातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या त्या चौथी बाटली मागायला. वर्षभरात तीन झाल्या होत्या. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. हिमोग्लोबिन निघालं सहा. दोन वर्षं अंगावरून जास्त जात होतं, पण ते त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. तिन्ही वेळा बाटलीऐवजी बोटभर रक्त तपासलं असतं, तर ही गाठ वर्षभर आधी सापडली असती. थायरॉईड, मधुमेह, क्षयरोग हे आजारही असेच बाटलीमागे लपून राहतात. मधुमेह्याला ग्लुकोजनं साखर वाढते. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर जादा पाण्यानं दम लागतो.

जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं, तोंडानं काही जात नाही, डेंगी गंभीर झाला, ऑपरेशन झालं, तर सलाईन जीव वाचवतं. तेव्हा नाही म्हणू नका.

आणि तंतुकणिका वाढवायच्याच असतील तर त्या चालण्यानं वाढतात. अजिंक्यताऱ्यावर रोज चढणाऱ्यांच्या पायांत त्या जास्त असतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण आधी तपासणी. मावशींची गाठ काढली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, गोळीनंतर लगेच चहा बंद केला. चौथी बाटली लावावीच लागली नाही.