वाद्यपूजा एकाच दिवशी का?

दसऱ्याला आपण तबला-पेटीशेजारी कॉलेजची बेस गिटारही मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो. मग ती वर्षभर कोपऱ्यात धूळ खाते. स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आले, की 'हिचा आवाजच बसला' अशी तक्रार सुरू होते. मित्रहो, तो आवाज बसवला कोणी?

या गिटारच्या जाड तारांत मधल्या पोलादी तारेभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. त्या वेढ्यांत बोटांचा घाम व मळ साचतो. स्वराचे तेज जाते, सूर नीट लागत नाही. पावसाळ्यात गंजही चढतो. उपाय साधा आहे. वाजवण्यापूर्वी हात धुवावेत आणि वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा वरून-खालून पुसाव्यात. तारा बदलताना शिसवी पट्टीला लेमन ऑइलचा हलका हात द्यावा. खोबरेल मात्र नको. चारही तारांचा ताण मिळून ७० किलोंहून अधिक असतो. दमट हवेत मान वाकली, तर आतील ट्रस रॉड जाणत्यानेच, तोही थोडाथोडा फिरवावा.

कोणी म्हणेल, डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचा थोर बेसवादक जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे. खरे आहे. पण १९८३ मध्ये निवर्तलेल्या या कलावंताला तो जुन्या तारांचा दबका नादच हवा होता, आणि वाद्य त्याचे स्वतःचे, एकाच हातातले होते. आपली गिटार वीस हातांतून फिरते. सर्वांची म्हणून ती कुणाचीच नाही, हेच खरे दुखणे आहे.

याची झळ कोणाला लागते? ज्याच्या घरी वाद्य आहे, त्याला नाही. ज्याला ते विकत घेणे परवडत नाही, त्याचा सारा रियाज याच गिटारवर होतो. गंजक्या तारांवर त्याची बोटे सोलतात, सूर हलतो आणि दोष मात्र त्याच्या कानाला दिला जातो. एखादा होतकरू वादक अशाने वाद्य कायमचे खाली ठेवतो.

म्हणून माझी सूचना अशी, की संमेलनाच्या खर्चात रोषणाईआधी तारांचा एक संच धरावा, गिटारच्या पेटीत फडके व नोंदवही ठेवावी आणि वाजवणाऱ्याने तारा पुसूनच सही करावी. सांस्कृतिक मंडळाच्या प्राध्यापकांनी याचा जरूर विचार करावा.