शर्यतीविना धावणे

भल्या पहाटे खान्देशातील तालुक्याच्या गावांबाहेर मुले धावताना दिसतात, आणि ती कशासाठी धावतात हे कोणास विचारावे लागत नाही. पोलीस भरतीत मुलांना 1600 व मुलींना 800 मीटर अंतर कापावे लागते. वेळ जितका कमी तितके गुण अधिक. त्या मोजक्या मिनिटांवर कित्येक घरांची आशा टांगलेली असते. धरणगावास तर ही परंपरा जुनीच म्हटली पाहिजे. जेम्स आउट्रम याने 1825 मध्ये उभारलेल्या खान्देश भिल्ल पलटणीचे ठाणे याच गावी होते.

या कष्टांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या धावण्यात शेजारचा धावणारा सोबती नसून प्रतिस्पर्धी असतो. भरती झाली की धावण्याची गरज सरते. न झाली तर इच्छा सरते. शिक्षक, कारकून, गृहिणी यांचा तर या व्यवहाराशी संबंधच उरत नाही. दिवसभर खुर्चीवर बसणारा चाळिशीतला माणूस एखादे दिवशी उत्साहाने रस्त्यावर येतो, शंभर पावलांत धापा टाकतो आणि लोक हसतील या भयाने तिसऱ्या दिवशी बूट कोपऱ्यात ठेवतो. त्याचे पाय थकण्याआधी मन थकलेले असते.

यावर उपाय आहे तो सोबतीचा. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन 1962 च्या अखेरीस न्यूझीलंडला गेले असता आर्थर लिडियार्ड यांनी त्यांना सामान्य नागरिकांच्या धावण्यात सामील करून घेतले. इतरांना धावणे शिकवणारे हे पन्नाशीचे गृहस्थ लवकरच मागे पडले. तेव्हा हृदयविकारातून उठलेला, त्यांच्याहून पुष्कळ वयस्क असा एक नागरिक वेग कमी करून, गप्पा मारीत त्यांच्यासोबत राहिला. मायदेशी परतून बॉवरमन यांनी सामान्यांसाठी असेच गट सुरू केले आणि 1967 मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञासह त्यावर पुस्तकही लिहिले.

सर्वांत मागे असलेल्याला एकटे न सोडणे हाच अशा समूहाचा धर्म होय. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या दिंडीची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. बोलता बोलता धावता यावे, शब्द तुटू लागला की चालावे, दम परतला की पुन्हा धावावे, एवढे पथ्य नवख्यास पुरे. हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे ओघानेच आले. मग एके दिवशी गप्पांच्या नादात मैलाचा दगड केव्हा मागे पडला हेच कळत नाही. तो आनंद कोणत्याही पदकाहून उणा नसतो. एकट्याने निघण्यास कचरणाऱ्या स्त्रियांना तर समूहामुळे पहाटेचा रस्ताच खुला होतो.

जळगाव शहरात असे गट उभे राहिले आहेत. तालुक्याच्या गावांनी मागे का राहावे? शाळांनी पहाटे दोन तास मैदाने उघडावीत, शिक्षकांनी पुढाकार घ्यावा आणि भरतीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस घड्याळ घरी ठेवून वडीलधाऱ्यांच्या चालीने धावावे. भिल्ल पलटणीच्या या गावीच 1890 मध्ये बालकवी ठोंबरे जन्मले. पोटासाठी धावणाऱ्या गावाने आता थोडे आनंदासाठीही धावावे.