गाणाऱ्यांच्या घामाचा हिशेब

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांकडे मुंबईच्या चाकरमान्यांची मुक्कामाची ठिकाणे म्हणूनच पाहण्याची सवय राज्यकर्त्यांना जडली आहे. १८५३ साली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास पोहोचली, पुढच्या वर्षी ती कल्याणला गेली, आणि येथील माणूस सकाळी कोणत्या गाडीने जातो व रात्री कोणत्या गाडीने परततो एवढाच त्याचा परिचय उरला. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत १२ लाख ४७ हजार लोक मोजले गेले. या वस्तीचे पाणी, रस्ते आणि लोकल यांविषयी निदान बोलले तरी जाते. तिचे गाणे कोण गाते आणि त्या गाणाऱ्याची चूल कशावर पेटते, हा प्रश्न मात्र अंदाजपत्रकाच्या अथवा जाहीरनाम्याच्या पानावर क्वचितच येतो.

वास्तविक या पट्ट्याइतकी गाण्याची विविधता महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आढळेल. कल्याण गायन समाजाने शास्त्रीय संगीताची परंपरा सुमारे शतकभर जपली आहे. ठाण्याची महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत समारोह भरविते. जनकवी पी. सावळाराम हे गीतकार याच शहराचे नगराध्यक्ष होते. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत लग्नाचे ढवळे गाणाऱ्या धवलारिणी आहेत आणि त्याच गावांतल्या हळदीच्या रात्री गाजविणारे बेंजोवाले तरुणही आहेत. कल्याणला वास्तव्य केलेल्या प्रल्हाद शिंदे यांनी भक्तिगीत, भीमगीत व कव्वाली एकाच कंठातून घरोघर पोहोचविली. कसारा-कर्जतच्या गाड्यांत टाळ वाजविणारी भजनी मंडळे, लग्नसराईतले ऑर्केस्ट्रे, दिवाळी पहाटेचे भावगीत-गायक, आणि अलीकडे गिटार वा रॅप घेऊन उभी राहिलेली पोरे, या सर्वांचा मुलूख हाच. पुष्कळदा माणूसही तोच असतो. एप्रिलमध्ये जयंतीच्या मंचावर ढोलकी वाजविणारा भाद्रपदात गणपतीपुढे असतो आणि मार्गशीर्षात हळदीच्या मांडवात ऑक्टोपॅड बडवीत असतो. प्रकारांच्या या सरमिसळीला रसिकतेइतकेच पोटही कारण आहे.

अशा कलावंताला ‘स्वतंत्र’ म्हणण्याची प्रथा आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ एवढाच की त्याला मालक नाही. मालक नाही म्हणून महिन्याचा पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि मंचावरून पडून हात मोडला तर भरपाई मागण्यासाठी समोर कोणी नाही. शेतमजूरही याच अर्थाने ‘स्वतंत्र’ असतो. दोघांचेही काम हंगामी आहे. तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडू लागतात, वैशाखात काम शिगेला पोहोचते, आषाढात हात रिकामे होतात, आणि गणपती-नवरात्रात पुन्हा चार पैसे दिसतात. ढोलकीची शाई, ध्वनिवर्धकाची दुरुस्ती आणि टेम्पोचे भाडे हा खर्च मात्र बारमाही असतो. शेवटची लोकल चुकली तर रिक्षाचा खर्चही ज्याचा त्यालाच सोसावा लागतो.

या माणसाचे गाणे विकत कोण घेते? मुख्यतः चौघेजण. पहिला लग्नघरचा यजमान. पण तो सौदा बहुधा मंडपवाल्यामार्फत अथवा कार्यक्रमाच्या ठेकेदारामार्फत होतो, आणि मधल्या मधे किती गळते हे वादकाला कधीच कळत नाही. दुसरा हॉटेलवाला, तो गाणाऱ्यास ‘प्रसिद्धी’ देतो आणि बिल गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. तिसरा स्थानिक पुढारी. दिवाळी पहाट, दहीहंडी, नवरात्र या निमित्ताने रस्त्यारस्त्यावर मोफत कार्यक्रम होतात आणि गायकाच्या छायाचित्रापेक्षा पुढाऱ्याचे छायाचित्र मोठे असते. मोफत गाणे लोकांना मिळते हे चांगलेच. पण ते लोकांचा हक्क म्हणून मिळत नाही, उपकार म्हणून मिळते. त्याचे दोन परिणाम होतात. तिकीट काढून स्थानिक कलावंताला ऐकण्याची सवय मोडते, आणि ज्याच्या मंचावर उभे राहायचे त्याला न रुचणारे गाणे ओठांवर येण्याआधीच गिळले जाते. सेन्सॉर बसविण्याची गरजच उरत नाही. पुढच्या वर्षीच्या निमंत्रणाची चिंता ते काम परस्पर करते.

चौथा खरेदीदार सर्वांत मोठा आणि सर्वांत अदृश्य आहे. तो म्हणजे इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या कंपन्या. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि लोकगायकाला घराघरांत वाट मिळाली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारतातील या घडामोडीचे तपशीलवार विवेचन केले आहे. मात्र कॅसेटच्या काळात एकरकमी पैसे घेऊन मोकळा होणारा गायक पुढच्या नफ्याला मुकत असे. आज कोणीही आपले गाणे स्वतः ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवू शकतो, ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु मक्तेदारी संपलेली नाही, तिने जागा बदलली आहे. २०१८ पासून यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मागण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि वर्षात चार हजार तासांचे प्रेक्षण ही अट आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्यास त्या खात्यावर काहीच न देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे नऊशे नव्व्याण्णव वेळा वाजलेल्या गाण्याचे मोल शून्य, आणि त्यावरचा पैसा मोठ्यांच्या ताटात. शेअर बाजाराच्या भाषेत याला कार्यक्षमता म्हणत असतील. साध्या मराठीत ही मापातली मारामारी आहे.

कायद्याने काहीच दिले नाही असे नव्हे. प्रत-अधिकाराच्या कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातील स्वामित्वधनाचा वाटा गीतकार, संगीतकार व गायक यांच्यासाठी राखला. पण हा हक्क वसूल करण्यास नोंदणी, करारपत्र आणि वकील लागतो. ज्याचा सगळा व्यवहार दूरध्वनीवरच्या ‘या बरं का वेळेवर’ एवढ्या शब्दांवर ठरतो, त्याला या कलमांचा उपयोग काय? दुसरीकडे वस्तू व सेवा कराचा नियम पाहावा. लोककला अथवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्याचे मानधन दीड लाखांपर्यंत असेल तर कर माफ. रॅप, रॉक अथवा चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा यांना ही सवलत नाही. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने बहुतेकांवर हा बोजा पडत नाही, हे खरे. पण तत्त्व तपासले पाहिजे. कोणते गाणे संस्कृती आणि कोणते निव्वळ करमणूक, हे ठरविण्याचा अधिकार करखात्याला कोणी दिला? स्वदेशी या मुंबईच्या रॅप-समूहाने २०१९ साली प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन आरेच्या जंगलाच्या प्रश्नावर ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध पुकारलेल्या लढ्याची आठवण त्या नावातच आहे. हे गाणे लोककला की रॅप? करखात्याचा खाना कोणताही असो, लोकांनी त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे.

या सगळ्या व्यवस्थेची कसोटी मार्च २०२० नंतर लागली. टाळेबंदीत मांडव, मंच आणि हॉटेले एकदमच बंद पडली. राज्यातली नाट्यगृहे मधल्या काही महिन्यांचा अपवाद सोडल्यास ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंदच राहिली. दीड वर्षाच्या त्या उपासमारीवर सरकारने एकरकमी पाच हजार रुपयांची मदत जाहीर केली. वृद्ध कलावंतांच्या मानधन योजनेत २०२४ पासून महिना पाच हजार रुपये मिळतात, हे पूर्वीपेक्षा बरे आहे. परंतु ती योजना पन्नाशीनंतरची आहे, आणि निवड होण्यास आपण कलावंत असल्याचा पुरावा कागदोपत्री द्यावा लागतो. तिशीतल्या ढोलकीवाल्याला आज काय, याचे उत्तर त्यात नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. कला ही साधना आहे, तिला मजुरीच्या हिशेबात आणणे म्हणजे तिचा अपमान, असे म्हणणारे पुष्कळ असतात. बहुधा त्यांची स्वतःची भाकरी दुसऱ्या ठिकाणी शिजत असते. ब्रिटनमधील वादकांनी १८९३ साली मँचेस्टरमध्ये आपली संघटना स्थापन केली. त्यामुळे तेथील संगीत हिणकस झाले नाही. अमेरिकेतील वादकसंघाने १९४२ च्या ऑगस्टपासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि दोन वर्षांहून अधिक काळ तो चालविला. अखेर कंपन्यांना विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम संघाच्या निधीत भरणे भाग पडले, आणि त्या निधीतून बेकार वादकांना पैसे देऊन लोकांसाठी मोफत मैफली झाल्या. मोफत मैफल तीच. फक्त तिच्यावर कोणाचे छायाचित्र नव्हते. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याची नोंद असलेल्या रंगकर्मी-वादकांना रिकाम्या काळात बेकारी भत्ता मिळतो.

महाराष्ट्रालाही दूर पाहण्याची गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच कोडे सोडविले होते. हमालाला एक मालक नसतो. तो आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. म्हणून मजूर, मालक व सरकार यांचे मंडळ स्थापन झाले, काम घेणाऱ्या प्रत्येकाकडून मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही घेतली गेली, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस व औषधोपचार उभे राहिले. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांसाठी असेच मंडळ का असू नये? सभागृहाचे आरक्षण, मंगल कार्यालयाची पावती, ध्वनिवर्धकाची परवानगी या नोंदी आजही होतातच. लेव्ही गोळा करण्यास नवी यंत्रणा लागणार नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्या सातव्या अनुसूचीत मजकूर व माध्यमसेवा पुरविणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांचा उल्लेख आहे आणि अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी अशी तरतूद आहे. टॅक्सीवाल्याप्रमाणे गायकही या व्याख्येत येतो, असा आग्रह आताच धरला नाही तर नियम कंपन्यांच्या सोयीने लिहिले जातील.

महापालिकांची जबाबदारी याहून निकट आहे. १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन, ठाण्याचेच काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर ही लोकांच्या पैशाने बांधलेली नाट्यगृहे आहेत. तेथील एक दिवस दर आठवड्याला नाममात्र भाड्याने स्थानिक वादकांसाठी राखून ठेवता येईल. रात्री कुलूपबंद असणाऱ्या पालिका शाळांचे वर्ग तालमीला देता येतील. मुंबईच्या धोबीतलावावरील रंगभवन हा सरकारी खुला मंच शांतता क्षेत्राच्या नियमात सापडून मुका झाला आणि त्याच्या जागी तसा स्वस्त मंच उभा राहिला नाही. तरुण वादक हॉटेलांच्या दारी गेले ते त्यानंतर अधिकच. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचा नियम योग्यच आहे, आजारी माणसाची झोप कोणाही गायकापेक्षा मोठी आहे. म्हणूनच भिंती असलेली सार्वजनिक जागा देणे हे पालिकेचे कर्तव्य ठरते. प्रशासकांच्या दीर्घ राजवटीनंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांपुढे ही मागणी प्रभागाप्रभागातून गेली पाहिजे.

चळवळीलाही या बाबतीत आपले घर झाडावे लागेल. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर घडले. या वारशाचा अभिमान सभांतून वारंवार सांगितला जातो. आणि त्याच सभेत शाहिराला गर्दी जमेपर्यंत गायला लावून, पुढारी येताच डफ खाली ठेवायला सांगून, परतीचे गाडीभाडेही न देता निरोप दिला जातो. किमान मजुरीचा ठराव ज्या मंचावर होतो, त्या मंचावरच्या डफवाल्याची मजुरी आधी चुकती झाली पाहिजे.

यापुढचे काम सर्वांत कठीण आहे. शास्त्रीय गायक बेंजोवाल्याशेजारी बसत नाही, ऑर्केस्ट्रावाला भजनी मंडळाला गिनत नाही, आणि या अंतरामागे गाण्याच्या प्रकाराइतकीच जात उभी आहे. ठेकेदाराला मात्र हा भेद नाही. तो सर्वांचेच पैसे सारख्याच निष्ठेने थकवितो. थकलेल्या मानधनांची यादी हीच या मंडळींच्या संघटनेची पहिली वही ठरू शकेल. कार्यकर्त्यांनी येत्या लग्नसराईपूर्वी आपापल्या वस्तीतील गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या भेटी घेऊन ती वही उघडावी, प्रकार न विचारता नावे लिहावीत, आणि पहिली बैठक एखाद्या पालिका शाळेच्या वर्गातच बोलवावी. त्या वर्गाची मागणी करण्यापासूनच या लढ्याचा आरंभ होईल.